येथेवाल्यांची पाटी

माझे सासरे होड्यांवर नावे घालीत. त्यांचे पुत्र, म्हणजे माझे यजमान, दुकानांच्या पाट्या रंगवीत. यजमानांचे पुत्र, आमचे चिरंजीव, त्याच पाट्या यंत्रावर प्लास्टिकमध्ये छापतात. आणि चिरंजीवांची कन्या वेबसाइट तयार करते. म्हणजे तिचीही पाटीच, फक्त ती टांगायला खिळा लागत नाही. असे हे आमचे अक्षरांचे घराणे. मी या घरात सून म्हणून आले तेव्हापासून एकही अशुद्ध शब्द आमच्या उंबऱ्याबाहेर पडलेला नाही, हे मी अभिमानाने सांगते. अभिमान बाळगण्यासारखे काही असेल तर माणसाने तो मनातल्या मनात कुजवू नये.

नातीला आम्ही वेलांटी म्हणतो. नाव तिच्या आजोबांनी ठेवले. कोणी काही लिहीत बसले की ही पोर मागून येऊन त्याच्या डोक्यावर वाकायची आणि वाकलेलीच राहायची. "आली बघा वेलांटी," असे ते म्हणत, आणि तिला बोट धरून अक्षर गिरवायला बसवीत. आता ती नोकरी करते, आणि ती नोकरी माझ्याच घरात बसून करते. पूर्वी जी रंगांची खोली होती, तिथे तिचे टेबल आहे. भिंती दोनदा रंगवून झाल्या, तरी ऊन तापले की टर्पेंटाइनचा वास अजून फरशीतून वर येतो. तो आला की मी काही तरी निमित्त काढून त्या खोलीत जाते.

एकदा मी तिच्याजवळ खुर्ची ओढून बसले आणि तुझे काम मला नीट समजावून सांग असे फर्मावले. तिने सांगितले ते असे. एका पडद्यावर मजकूर लिहायचा, दुसऱ्या पडद्यावर त्याचे पान कसे दिसते ते पाहायचे. मूळ कामाला कधी हात लावायचा नाही. त्याची एक शाखा काढायची, सगळे बदल त्या शाखेवर करायचे, आणि प्रत्येक बदल जपून ठेवताना काय केले याची एक ओळ लिहायची. मग आपण लिहिलेले आपण तपासायचे नाही. ते दुसऱ्याने वाचायचे. त्याने मान डोलावली तरच ती शाखा मुळात मिसळते आणि जगाला दिसते.

मी तिला विचारले, यात नवीन काय आहे? तुझे आजोबा खडूने पाटी आखीत आणि बाजूला होत. रंगाचा डबा उघडण्यापूर्वी ती पाटी मी वाचत असे, आणि तीही उलटी, शेवटच्या अक्षरापासून पहिल्याकडे. सुलटे वाचले की अर्थ डोळ्यांना पुढे ढकलतो आणि चूक मागे राहून जाते. मी मान डोलावल्याशिवाय ब्रश बुडत नसे. वेलांटी म्हणाली की ऑफिसात हेच शिकवायला तिला एका साहेबांनी पूर्ण दुपार बसवून ठेवले होते. मी म्हटले, माझ्याकडे आली असतीस तर भाजी निवडता निवडता शिकवले असते.

ऑफिसचे काम ती चोख करी. खोट होती ती दुसरीकडे. सकाळी ऑफिस सुरू होण्याआधी तिचे स्वतःचे उद्योग चालत. कोणत्या झाडाला पाणी कधी घालायचे हे सांगणारे पान. हरवलेल्या छत्र्यांचे पान. शेजाऱ्यांनी एकमेकांना शिडी, हातोडा उसना देण्याचे पान. एकेका कल्पनेने ती अशी पेटायची की चहा समोर गार होऊन जाई. आणि अर्धे पान झाले की तिला दुसरी कल्पना सुचे. मग अर्धवट राहिलेले ते सगळे एका कप्प्यात जाई. त्या कप्प्याला तिने नाव दिले होते, "नंतर."

तो शब्द पडद्यावर मी दोनदा वाचला. कारण तिच्या आजोबांचाही असा एक शब्द होता, आणि तो आमच्या गल्लीच्या टोकाला, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत टांगलेला होता.

गल्लीच्या टोकाला घड्याळे दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत. ते आणि माझे यजमान एकाच बाकावर बसून शिकलेले, एकाच झाडावरून पडलेले. त्यांच्यात अरे-तुरेशिवाय दुसरी भाषा नव्हती. ज्या वर्षी गावात नवा बाजार उघडायचा होता, त्या वर्षी यजमानांनी निम्म्या दुकानांच्या पाट्या अंगावर घेतल्या आणि पहिल्याच आठवड्यात शिडीवरून पडून उजवे मनगट मोडून बसले. लोकांना शब्द दिलेला. तेव्हा हे घड्याळजी रोज दुकान बंद करून आमच्याकडे येऊ लागले. यजमान डाव्या हाताने खडूची खूण करीत आणि घड्याळजी त्यावर ब्रश फिरवीत. सवयीने डोळ्याला भिंग लावून बसत, हातभर उंचीचे अक्षर आणि डोळ्याला भिंग. मी हसू दाबून दिवा धरी. बाजार उघडला, पाट्या लागल्या, आणि हात कोणाचा होता हे एकाही दुकानदाराला कळले नाही.

शेवटची पाटी झाली त्या संध्याकाळी यजमानांनी त्यांना काय देऊ असे विचारले. घड्याळजी ब्रश पुसत म्हणाले, "पैशाचं नाव काढू नकोस. हात बरा झाला की माझ्या दुकानाला पाटी हवी. तुमच्या हातची."

ते गेल्यावर यजमान बराच वेळ हसत होते. लेकाच्याने जन्मात पहिल्यांदा मला अहो-जाहो केले, असे म्हणत होते. आणि मग गंभीर होऊन म्हणाले, ज्या अर्थी त्याने इतक्या मानाने मागितले, त्या अर्थी पाटी माझ्याच हातची हवी. दुसऱ्या कोणाचा ब्रश तिला लागता कामा नये.

मनगट बरे झाले असे वैद्य म्हणाले. यजमान रंगाचा डबा, ब्रश आणि हात टेकवायची काठी घेऊन घड्याळजींच्या दुकानी गेले. पाटी लाकडी, निळी, दारावर ठोकलेली. खडूने सगळी ओळ आखली, मी ती उलटी वाचली आणि मान डोलावली. "येथे घड्याळे दुरुस्त होतील." त्यांनी "येथे" रंगवले. असे "येथे" मी पुन्हा पाहिले नाही. मग "घ" घ्यायला ब्रश टेकवला आणि मनगट थरथरू लागले. त्यांनी तो ठिपका पुसला, खाली उतरले, आणि काठी घड्याळजींच्या हाती दिली. "पाटी पुरी होईपर्यंत ही तुझ्याकडे," म्हणाले. "उद्या येतो."

तो उद्या काही उजाडला नाही. मोठ्या डब्यांतले रंग कालवण्यापलीकडे त्या मनगटाने पुढे काही केले नाही. खडू पावसाने धुतला गेला आणि पाटीवर एकटे "येथे" उरले. लोकांचे काय, त्यांना तेवढे पुरले. घड्याळ बंद पडले की येथेवाल्यांकडे न्या, असे म्हणू लागले. परका माणूस पाटी वाचून विचारी, येथे काय? तर घड्याळजी सांगत, "येथे मी." चिरंजीवांनी छापखाना टाकल्यावर मोठ्या हौसेने त्यांना अख्खी पाटी छापून नेली, तर त्यांनी ती हात जोडून परत केली. छापील नको, म्हणाले. त्यांना यजमानांच्याच हातची हवी, असे आम्ही समजलो. यजमान गेले तेव्हा शेवटच्या दिवसांत माझ्याशी जे थोडे बोलले, त्यात हे एक होते: येथेवाल्याची पाटी राहिली.

आता या वर्षी येथेवाल्यांचे डोळे गेले म्हणण्याइतके अधू झाले. भिंगातूनही चाकाचे दाते दिसेनात. शेजारच्या चष्मेवाल्याला दुकान द्यायचे ठरवून ते मला सांगायला आले. "वहिनी, घड्याळजीचं दुकान चष्मेवाल्याला जातंय. आधी त्याच्याकडे गेलो असतो तर कदाचित द्यावं लागलं नसतं," असे म्हणून स्वतःच हसले. मी त्यांना चहा दिला. ते गेल्यावर वेलांटीला हाक मारली आणि ही सगळी हकीकत सांगितली. माझ्या डोळ्यांसमोर ते दुकान बंद होणार, पाटी उतरणार, आणि माझ्या माणसाचा शब्द अर्धा राहून जाणार, हे मला पाहवणार नाही असे मी तिला स्पष्ट सांगितले.

तिने विचारले, "आजी, आजोबांच्या किती पाट्या अजून आहेत गावात?"

मी म्हटले, कशाला?

तर म्हणाली, ती सगळी अक्षरे गोळा करून त्यांचा संच करता येईल. त्यांच्या हातचे प्रत्येक अक्षर. मग कोणीही काहीही टाइप करावे, ते आजोबांच्या अक्षरात उमटेल. त्यातूनच राहिलेली पाटी.

मी म्हटले, कल्पना उत्तम आहे. ही "नंतर"मध्ये कधी टाकणार तेवढे सांग. ती लाल झाली, पण कॅमेरा घेऊन उठली.

त्यानंतर आम्ही दोघी गावभर हिंडलो. सकाळची वेळ, ती पुढे आणि मी काठी टेकत मागे. किराण्याच्या दुकानावर "सामान घरपोच मिळेल" अजून होते; त्यातून "घ" मिळाला, "ळे" मिळाला, "ल" मिळाला. दवाखान्यात "रुग्णांनी शांत बसावे" या पाटीचा फोटो घेताना वेलांटी खुर्चीवर चढली आणि रुग्ण अजिबात शांत बसले नाहीत. "ड्या" मात्र कुठे सापडेना. दोन दिवस मी डोके खाजवले आणि मग आठवले. पोहण्याच्या तलावाच्या भिंतीवर, "पाण्यात उड्या मारू नयेत." आम्ही गेलो तेव्हा त्या पाटीखालूनच पोरे उड्या मारीत होती. अक्षरांच्या कडा मात्र जशाच्या तशा. त्या भिंतीसमोर मी जरा जास्तच वेळ उभी राहिले. ही पाटी रंगवताना यजमानांच्या पायाला शेवाळ लागले होते आणि ते स्वतःच कपड्यांसकट पाण्यात गेले होते. आम्ही नवे नवरा-बायको होतो. मी काठावर त्यांचा डबा धरून उभी होते, आणि त्यांचे डोके पाण्याबाहेर आले तेव्हा त्यांनी आधी ब्रश वर धरलेला होता.

घरी आल्यावर ती एकेक फोटो पडद्यावर घेई, कडांवरून रेघ ओढी, आणि अक्षर सुटे करी. मी खुर्ची मागे ओढून बसे. आता वेलांटी मी झाले होते. प्रत्येक बदल जपताना ती जी ओळ लिही, ती मला मोठ्याने वाचून दाखवावी लागे. "घ थोडा डावीकडे." "घ परत उजवीकडे." "आजी म्हणते ड्या खाली बसला आहे, त्याला उठवले." एकदा तिने सगळ्या अक्षरांमधले अंतर मोजून अगदी सारखे केले, आणि ते पाहून मला गुदमरल्यासारखे झाले. मी म्हटले, पट्टी बाजूला ठेव. दोन अक्षरांमधली हवा मोजायची नसते, पाहायची असते. तुझे आजोबा अक्षर रंगवीत नसत, ही हवा रंगवीत. तिने हवा दुरुस्त केली आणि खाली ओळ लिहिली, "हवा."

शेवटी "स्त" उरला. संपूर्ण गावात तो एकाच ठिकाणी निघाला, बाजारातल्या चपलांच्या दुकानावर. "स्वस्त आणि टिकाऊ." चपलांचे मला माहीत नाही, पाटी टिकली होती. वेलांटीला आनंद झाला. तिने त्याच संध्याकाळी तो संचात बसवला, पूर्ण ओळ टाइप केली आणि मला बोलावले. मी सवयीप्रमाणे शेवटून वाचू लागले आणि दुसऱ्याच शब्दाला थांबले.

"काय लिहिलं आहेस?"

"दुरूस्त."

"रु दीर्घ? दुरुस्तीलाच दुरुस्ती लावलीस? नावाची वेलांटी, आणि उकारात चुकतेस."

तिने कपाळाला हात लावला आणि मुकाट्याने तो ऱ्हस्व केला. पण माझे समाधान झाले नव्हते. मी पडद्याजवळ गेले. यजमानांचा ब्रश अक्षर सोडताना रेंगाळत असे, पाहुणा दारात रेंगाळतो तसा. हा "स्त" टचकन उचललेला होता, चिमट्याने चाक उचलावे तसा. मी ओळखले. ही पाटी त्या मोडक्या मनगटाच्या दिवसांतली. हा हात येथेवाल्यांचा.

वेलांटी म्हणाली की कोणाला कळणार आहे. मी म्हटले, मला कळले. आणि ज्याचे त्यालाच परत देऊन कोणी ऋणातून मोकळे होत नाही.

मग दुसऱ्या दिवशी सकाळी तिने "सामान"मधला "स" घेतला, "शांत"मधला "त" घेतला, आणि दोघांना जोडायला बसली. सुरुवातीला ते शेजारी ठेवलेल्या दोन परक्या माणसांसारखे दिसत. ती हलवी, मी नाही म्हणे. ती पुन्हा हलवी. तिला ऑफिसची वेळ झाली, तिने कप्पा उघडला, आणि तिचे बोट "नंतर"वर गेलेले मी पाहिले. तिने तो कप्पा बंद केला, काम तासभर उशिरा सुरू करते असे ऑफिसला कळवले, आणि पुन्हा अक्षराकडे वळली. तेव्हा मी म्हटले, "स"ला "त"च्या खांद्यावर रेलू दे. फार नाही. तुझे आजोबा काम झाले की दाराच्या चौकटीला टेकून उभे राहत, तेवढेच.

तिने ते केले, आणि मी मान डोलावली.

चिरंजीवांच्या यंत्रावर ती ओळ खऱ्या मापाच्या कागदावर छापली. कडांवरून सुईने भोके पाडली, म्हणजे कागद पाटीवर धरून खडूची पूड थोपटली की अक्षर उमटेल. चिरंजीवांच्या छापखान्यातल्या रद्दी प्लास्टिकच्या मागच्या बाजूवर मी वेलांटीकडून महिनाभर ब्रशने अक्षरे भरून घेतली. हात बसला. तयारी सगळी झाली होती. फक्त एक गोष्ट माझ्या हातात नव्हती. पाटी "तुमच्या हातची" मागितलेली होती, आणि तो हात आता या जगात नव्हता.

मी येथेवाल्यांसमोर कागद उलगडला. दुकान निम्मे रिकामे झालेले, भिंतीवर घड्याळांच्या जागी फिकट गोल. ते कागदावर वाकले, डोळ्याला भिंग लावून एकेका अक्षरावरून बोट फिरवत गेले. "स्त"वर बोट थांबले. मग पुढे गेले. मी त्यांना सरळ सांगितले की अक्षर यजमानांचेच आहे, प्रत्येक, पण ब्रश या मुलीचा असेल. तुम्ही ज्या हातची मागितली होती तो हात मी आणू शकत नाही. नाही म्हणालात तर मी राग मानणार नाही.

येथेवाल्यांनी भिंग काढले. "कुठल्या हातची मागितली होती मी?"

"तुम्हीच म्हणालात. तुमच्या हातची."

"बरोबर. तुमच्या." ते माझ्याकडे बघत राहिले. "वहिनी, त्याला मी जन्मभर अरे-तुरे केलं. मरायला टेकला होता तेव्हाही अरेच म्हणालो. त्याच्याच हातची हवी असती, तर 'तुझ्या' म्हणालो नसतो का? दिवा कोण धरून उभं होतं? उलटं कोण वाचत होतं? मी घराला म्हणालो होतो. तुमच्या घरच्या हातची."

आयुष्यभर मी लोकांच्या पाट्यांवरचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, आणि हे एक अनेकवचन आम्ही दोघांनी आदरार्थी समजून सोडून दिले होते. वेलांटी हसू लागली. मग येथेवाले हसू लागले. मग मीही.

"मग चिरंजीवांची पाटी परत का पाठवलीत?"

"ती मशीनच्या हातची होती. मशीन कुठं तुमच्या घरातलं? हप्त्यावरचं होतं."

त्यांनी आत जाऊन कोपऱ्यातून यजमानांची काठी आणली. वरच्या फळीवरची घड्याळे ओढून काढण्यासाठी इतकी वर्षे तीच वापरली होती. टोकाला तार बांधलेली होती. ती तार त्यांनी स्वतः सोडली आणि काठी वेलांटीच्या हाती दिली. "धर. हिच्यावर मनगट टेकव. घाई करू नकोस, 'येथे'ला इतकी वर्षं घाई नव्हती."

वेलांटीने दोन दिवस रजा घेतली. फळी बांधली, पाटीवर कागद धरला, खडू थोपटला. मी खाली खुर्ची टाकून बसले. तिने "घ" घ्यायला ब्रश टेकवला. काठीवर तिचे मनगट तसेच टेकले जसे त्यांचे टेकत असे, आणि ब्रश अक्षर सोडताना रेंगाळला. ते तिला मी शिकवले नव्हते. गल्लीतली माणसे थांबून विचारीत, येथेवाल्यांचे नाव आता काय ठेवायचे? त्याच सकाळी तिने अक्षरांचे पानही जगासाठी खुले केले होते. त्या दिवशीची ओळ तिने मला वाचून दाखवली: "आजोबांचे काम पूर्ण."

रंग सुकल्यावर येथेवाले दुकानाबाहेर येऊन उभे राहिले. त्यांना ते कितपत दिसत होते कोण जाणे. "वहिनी, वाचा," म्हणाले. "तुमच्या पद्धतीनं."

मी उभी राहिले आणि शेवटून सुरुवात केली. ल, ती, हो. स्त, रु, दु. ळे, ड्या, घ. मग थे, आणि ये. तिथे मी थोडी थांबले, कारण तिथे हात बदलत होता आणि बदललेला दिसत नव्हता.

"शुद्ध आहे," मी म्हटले.

येथेवाल्यांनी फळीवरून काठी उचलली, धोतराच्या टोकाने तिच्यावरचा रंग पुसला, आणि दोन्ही हातांनी माझ्या पुढे धरली.

"घ्या. आता ही तुमची."